दोन बोटं उजवीकडे

संघमित्राचे ढग जागेवर नाहीत हे पहिल्यांदा पीयूषला दिसलं, आणि त्याला हसू आलं. दुर्गजवळ पावर हाउस नावाच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं ड्रॉइंग ऑफिस आहे. खाली दिवसभर पत्रे उतरवल्याचा आवाज असतो. नवीन सॉफ्टवेअर वापरून पाहायचं म्हणून पीयूषनं गेल्या वर्षाची एक शीट उघडली होती. शीटवर लोखंडी जिना होता, आणि जिन्याच्या उजवीकडे, जिथे काही म्हणजे काही काढलेलं नव्हतं तिथे, एक लाल ढग. ‘प्रेमभाऊ, पाहा ना, वहिनीनं हवेतली चूक पकडली,’ तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. संघमित्राला जाऊन एक हिवाळाच झाला होता, आणि ज्याला तो हे सांगत होता तो तिचा नवरा होता. प्रेमानंदनं खुर्ची वळवून पाहिलं. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. तो पडद्यावरच्या त्या ढगाकडेच पाहत राहिला. 

ज्यानं हे काम केलेलं नाही त्याला ढग म्हणजे काय ते सांगावं लागेल. एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, ही ड्रॉइंग ऑफिसची रीत. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही, कारण आपली चूक आपल्याला बरोबरच दिसते. तपासणाऱ्याला जिथे चूक सापडते तिथे भोवती तो लाल नागमोडी कडं काढतो. त्यालाच ढग म्हणतात. शेजारी एखादा शब्द लिहितो. काढणारा ढग पाहून दुरुस्ती करतो आणि शीट पुन्हा तपासायला देतो. प्रेमानंद काढायचा, संघमित्रा तपासायची. लग्नाच्या आधीपासून हेच चाललं होतं. ओळखच तिच्या लाल पेन्सिलीमुळे झाली होती. पेन्सिलीचा ढग कागदात उतरायचा. आता शीट पीडीएफ असते, ढग माउसनं काढायचा, आणि तो शीटमध्ये मुरत नाही, काचेवर ठेवल्यासारखा वर तरंगत राहतो. सॉफ्टवेअर बदललं की कधी दिसतच नाही, कधी भलतीकडे दिसतो. म्हणूनच पीयूष हसला होता. त्याच्या लेखी तो सॉफ्टवेअरचा दोष होता, आणि दोष शोधणं हेच त्याला त्या दिवशी नेमून दिलेलं काम होतं.

जुनं सॉफ्टवेअर बंद पडत आलं होतं. नवीन कॉम्प्युटरवर ते चढेना. मालक शामसुंदरजींनी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहायला आणली होती: एक फुकटचं, एक मधलं, एक महागडं. शीटवरून पीडीएफ करणं, तिच्यावर खुणा करणं, मापं घेणं, सगळं तिन्हींत होत होतं. कोणतं घ्यायचं ते प्रेमानंदनं ठरवायचं होतं. शामसुंदरजी गोंदियाकडचे, जरीच्या धोतराला बटन लावणारा माणूस अशी त्यांची ख्याती, म्हणजे पैसा खर्चतील पण जिथे नको तिथे. मधल्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यानं त्यांना व्हिडिओवर एक बटण दाखवलं होतं. ते दाबलं की शीटवरच्या सगळ्या खुणा शीटमध्ये विरघळतात. मग कोणी केल्या, कधी केल्या, काही सांगता येत नाही. आणि खुणा नको असतील तर त्याआधीच एका फटक्यात पुसूनही टाकता येतात. शामसुंदरजींना ते फार आवडलं. आपल्या घरातलं भांडण पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला, कशाला दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रेमानंदनं तेव्हा मान हलवली होती. त्याला वाटलं होतं, निवडायचं काय त्यात. माउस तोच, शीट तीच.

पीयूषनं काहीतरी सेटिंग बदललं. शीट स्कॅनरमधून आडवी आली असेल तर असं होतं, कडेचं कापलेलं माप सॉफ्टवेअर धरत नाही, असं तो सांगत होता. त्यानं त्याआधीच्या, ढग सरकलेल्या आणखी काही शीट एकेक उघडल्या आणि ढग चटाचट जागेवर बसू लागले. पाइपवर पाइपचा ढग, बोल्टवर बोल्टचा. प्रेमानंद त्याच्या खांद्यामागे उभा राहून पाहत होता. दरवेळी ढग जागेवर बसला की त्याला बरं वाटत होतं, ताप उतरताना कपाळाला घाम येतो तसं. जिन्याची शीट सगळ्यात शेवटी उघडली. तिचा ढग जागेवर बसला नाही. पीयूषनं सेटिंग उलटं केलं, पुन्हा सरळ केलं. ढग जिन्याच्या उजवीकडे, दोन बोटांवर, तसाच. मग मधल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तिथेही तसाच. मग फुकटच्यात. पीयूष म्हणाला की ही फाइलच खराब आहे, सोडा. प्रेमानंदनं त्याच महिन्यातली दुसरी फाइल उघडायला लावली. दोन बोटं उजवीकडे. तिसरी. दोन बोटं उजवीकडे. ‘इतक्या सगळ्या फाइली एकसारख्याच कशा खराब होतील बे,’ तो हळूच म्हणाला.  पीयूषला काही समजलं नव्हतं, पण प्रेमानंदचा आवाज ऐकून तो जेवायला उठून गेला.

प्रेमानंद पीयूषच्या खुर्चीत बसला. पडद्यावर ढग होता आणि ढगाच्या आत कोरा पांढरा कागद. तो त्या पांढऱ्याकडे बघत होता आणि त्याला घरातला ओटा दिसत होता. उन्हाळा लागला होता तेव्हाची गोष्ट. संघमित्रा चहा ओतत होती आणि चहा कपात न पडता कपाच्या बाजूला पडत होता, सरळ, धार न तुटता, जणू तिथेच कप आहे. ती पाहत राहिली, तोही पाहत राहिला, आणि मग ती म्हणाली, ‘ओटा सरकला वाट्टे माह्या.’ दोघंही हसले. त्यानं फडकं आणून दिलं. बुद्धपौर्णिमेला विहारात तिनं मेणबत्ती लावली आणि ती स्टँडवर न ठेवता शेजारी हवेत ठेवली. मेणबत्ती खालच्या पांढऱ्या कापडावर पडली, कापडाला काळा डाग पडला. सिंधुताई विहारातली सगळ्यात वडीलधारी बाई, तिनं पायानं विझवलं आणि म्हणाली, ‘संघमित्रे, भगवानाच्या बाजूले आनखी कोन बसलं हाये व, ज्याले तू मेनबत्ती लावून राहिली?’ बाया पदर तोंडाला लावून हसल्या. संघमित्राही हसली. घरी येताना स्कूटरवर मागे बसून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो खांद्यावर न पडता पाठीवर घसरला, आणि तिनं तो तिथेच राहू दिला. त्याला तेव्हा वाटलं होतं की ती प्रेमानं हात ठेवते आहे. हे त्याला आता, या खुर्चीत, खालच्या पत्र्यांच्या आवाजात आठवत होतं, आणि एकेक आठवण आली की ती उजवीकडे सरकलेली निघत होती. कुलूप आणि किल्ली. मुलीची, नीतूची, वेणी घालताना भांगाशेजारून गेलेला कंगवा. दसऱ्याच्या सुमारास ती अंगणात पडली आणि मग कळलं की डोळ्यांत काही नाही, डोक्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले होते की वस्तू जिथे आहे तिथे ती त्यांना वाटत नसेल, तुम्ही कधी पाहिलं नाही का. तो म्हणाला होता, नाही. ते खोटं नव्हतं. त्यानं पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. पण तेव्हा ती होती, श्वास घेत होती, आणि डॉक्टरांचं ते वाक्य त्यानं घरातल्या वस्तूंपुरतं धरलं. कप, कुलूप, मेणबत्ती. ऑफिसात ती रोज त्याच्या मागच्या टेबलावर बसून शीट तपासत होती, हे त्याच्या मनातच आलं नाही. दिवाळी झाली आणि ती गेली.

संध्याकाळी तो बोरसीला घरी निघाला तेव्हा सुपेलाच्या चौकात त्याला भीती वाटली. समोरची बस जिथे दिसते तिथेच आहे कशावरून? वीस वर्षं तो या रस्त्यानं जात होता आणि असा प्रश्न त्याला पडला नव्हता. त्यानं स्कूटर कडेला घेतली, उतरला, आणि दुभाजकाला हात लावून पाहिला. दुभाजक तिथेच होता. एक ऑटोवाला शिवी देऊन गेला. घरी नीतूनं ताट वाढलं. नीतू कॉलेजात शिकते, आईवर गेली आहे, बोटं तशीच लांब. ती वरण वाढत होती आणि तो डावाकडे पाहत होता, डाव वाटीवर येतो की वाटीच्या बाजूला. डाव वाटीवर आला. तरी त्याचं समाधान झालं नाही. त्यानं आपलं बोट तिच्यासमोर धरलं आणि म्हणाला, ‘इथं बोट लाव.’

‘पप्पा, ये क्या है?’

‘लाव ना. चष्म्याचा नंबर पाहून राहिलो.’

तिनं डाव खाली ठेवला. तिनं त्याच्या बोटावर आपलं बोट बरोबर टेकवलं, आणि नुसतं टेकवलं नाही, दाबलं. ‘मम्मीले जे झालं ते मले होईन, असं वाटून राहिलं ना तुमाले? सीधा बोलो ना मग.’  ती म्हणाली, ‘आता तुमी लावा.’ तिनं बोट वर धरलं. त्यानं हात उचलला, पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती, आणि त्याचं बोट तिच्या बोटाच्या शेजारून निघून गेलं. दोघंही त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग नीतूनं त्याचा हात धरून खाली ताटाशी आणला आणि म्हणाली की वरण थंड होऊन राहिलं, जेवा.

दुसऱ्या दिवशी त्यानं महागडं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एक सोय होती, जी दाखवताना विक्रेत्यानं घाई केली होती कारण शामसुंदरजी जांभया देत होते. सगळ्या फाइलींतल्या सगळ्या खुणा एका ठिकाणी येत, कोणाच्या त्या नावानं आणि कधीच्या त्या क्रमानं. त्यानं तिचं नाव निवडलं. खालून वर, वरून खाली, पडदाभर तीच ती. संघमित्रा, संघमित्रा, संघमित्रा. नुसतं नाव पाहून माणूस मेलं आहे की जिवंत हे कळत नाही. त्यानं एकेक खूण दाबायला सुरुवात केली आणि दाबली की ती शीट उघडत होती. संक्रांतीच्या वेळचे ढग जागेवर होते. होळीच्या वेळचेही. त्यानंतर एक शीट आली जिच्यावर चार ढग होते, तीन जागेवर आणि चौथा जरासा, केसभर, उजवीकडे. तिथे तो थांबला. त्या दिवशी काय झालं होतं, तिनं डब्यात काय आणलं होतं, डोकं दुखतं म्हणाली होती का, त्याला काहीच आठवेना. साधा दिवस होता. त्या साध्या दिवशी ते सुरू झालं होतं, त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, आणि तो पुढे तोंड करून रेघा काढत होता. त्यानंतरचे ढग हळूहळू लांब जात होते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते दोन बोटांवर जाऊन थांबले.

मग त्याला प्रश्न पडला, आणि हा प्रश्न पहिल्या दिवशीच पडायला हवा होता. ढग जर भलतीकडे होते तर त्यानं दुरुस्त्या केल्या कशा? चुका दुरुस्त झाल्या होत्या. जिना दुरुस्त होता, पाइप दुरुस्त होते. थोडा वेळ विचार केल्यावर त्याला उत्तर सापडलं. त्यानं ढग कधी पाहिलेच नव्हते. ढगाशेजारचा शब्द तो वाचायचा. ‘भोक’ लिहिलं की कोणतं भोक ते त्याला कळायचं. ‘उंची’ लिहिलं की कोणती उंची ते कळायचं. इतकी वर्षं एकानं काढलं आणि दुसरीनं तपासलं होतं. त्याच्या चुका ती ओळखायची आणि तिचा शब्द तो ओळखायचा, बोट कुठे ठेवलं आहे ते पाहायची गरज दोघांना उरली नव्हती. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली ती शीट गेली असती तर त्यानं विचारलं असतं, बाई, हा ढग इथे कशाला? पीयूषनं नाही का एका नजरेत ओळखलं. पण पीयूषला तिच्या शीट कधी मिळाल्याच नाहीत. ऑफिसात सगळे कौतुकानं म्हणायचे, यांचं काय, हे तर घरीच तपासून आणतात.

आता त्याला फक्त एवढंच शोधायचं होतं, की असा शब्द आहे का, जो त्याला चुकीचा समजला. ती नेहमी पूर्ण शीट पडद्यावर ठेवूनच ढग काढायची. मोठं करून पाहिलं की माणूस आजूबाजूचं विसरतो म्हणायची. त्यामुळे सरकण्याचं माप सगळीकडे एकच होतं. एकेक ढग तो धरायचा, दोन बोटं डावीकडे न्यायचा, आणि सोडायचा. तो जाऊन बरोबर चुकीवर बसायचा. दरवेळी बसायचा. हे पाहताना त्याला असं व्हायला लागलं की आपण तिचा हात धरून जागेवर ठेवतो आहोत. तिनं एकही चूक सोडली नव्हती. डोकं दुखत असताना, घरात चहा सांडत असताना, तिला माझ्या सगळ्या चुका दिसत होत्या, असं त्याला वाटलं, आणि क्षणभर भीती गेली. मग वॉकवेची शीट उघडली.

दुर्गच्या पलीकडे एका कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या कडेनं, दोन माणसं एकमेकांशेजारून जातील एवढा, लोखंडी जाळीचा चालायचा रस्ता करायचा होता. उंच. खाली यंत्रं. जाळी भिंतीतून निघालेल्या ब्रॅकेटांवर टेकते आणि प्रत्येक ब्रॅकेटखाली टेकू म्हणून एक तिकोनी प्लेट असते. शीटवर ढग होता आणि शेजारी शब्द होता, ‘प्लेट?’ प्रश्नचिन्हासकट. त्याला आठवलं. तेव्हा तो शब्द वाचून त्याला कठड्याच्या खांबाखालची प्लेट आठवली होती, जिची जाडी लिहायची राहून गेली होती. त्यानं जाडी लिहिली. शीट तिच्याकडे परत गेली, दुरुस्ती झालीच असेल असं धरून तिनं पिवळा रंग फिरवला, म्हणजे पास. त्यानं आता ढग धरला आणि डावीकडे नेला. तो कठड्यावर गेला नाही. मधल्या एका ब्रॅकेटवर जाऊन बसला, चष्मा डोळ्यांवर बसावा तसा. त्या ब्रॅकेटखाली प्लेट नव्हती. पहिली आवृत्ती बदलताना खांब सरकवला होता, ब्रॅकेट लांब झाला होता, जुनी प्लेट पुसली होती आणि नवीन काढायची राहिली होती. बाकी सगळ्यांखाली होती. एकाखाली नव्हती. तो वॉकवे दसऱ्याच्या आधी उभा झाला होता आणि तेव्हापासून त्यावरून माणसं जात होती.

त्यानं कमलेशला फोन लावला. कमलेश ते काम उभं करणारा सुपरवायझर. मागून ग्राइंडरचा आवाज येत होता, कमलेश मोठ्यानं बोलत होता. त्यानं सांगितलं की जसं शीटवर होतं तसं लावलं, एक कमी आहे हे फिटरला दिसलं होतं, पण शीटवर नाही म्हणजे डिझाइनवाल्यांनी विचार करूनच काढली असेल असं सगळ्यांनी धरलं. मग तो गमतीनं म्हणाला की चार महिने नाही पडलं तर आता काय पडणार. प्रेमानंद म्हणाला, ‘कमलेश, तिथून कोनाले जाऊ देऊ नको. दोरी बांध आज.’

‘भाऊ, तीन पाळ्या चालते तिथं. मी कोन लागून गेलो दोरी बांधनारा?’

‘माह्या नावानं बांध.’

ग्राइंडर बंद झाला. मग कमलेशनं हळू आवाजात विचारलं, ‘लैच धोक्याचं हाये का?’ प्रेमानंद म्हणाला की मला माहीत नाही. हे खरं होतं. टेकूशिवाय तो ब्रॅकेट किती दिवस धरेल हे त्याला सांगता येत नव्हतं. वर्षभर धरेल, किंवा आत्ता फोन ठेवताना एखादा माणूस खांद्यावर पोतं घेऊन त्याच्यावर पाय ठेवत असेल.

शामसुंदरजी त्यांच्या काचेच्या खोलीत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण ते घाबरले की शांत होतात. पंखा बंद केला. आधी विचारलं की हे अजून कोणाला दाखवलं. मग म्हणाले की प्लेट कारखाना बंद राहील त्या दिवशी गुपचूप लावून टाकू, मजुरी मी देतो, आणि तोवर हे मधलं सॉफ्टवेअर आजच घेऊ, सगळ्या जुन्या फाइलींवरच्या खुणा पुसून टाकू. पार्टी फाइली मागते आहेच, कोऱ्या देऊ. त्यांचा आवाज मऊ झाला. ‘हे पाय प्रेमानंद, मी तुह्यासाठी बोलून राहिलो. ती बिचारी गेली. लोकाईनं हे ढग पाहिले तं काय म्हनतीन? बाईचं डोकं चालत नोयतं आन् यायनं तिच्याकडून तपासून घेतलं. जिकडे तिकडे तिचं नाव येईन.’

प्रेमानंदला ते सगळं दिसलं. कुठल्यातरी एसी खोलीत टेबलाभोवती माणसं, पडद्यावर कोऱ्या कागदाभोवतीचे लाल ढग, आणि कोणीतरी पीयूषसारखं हसतं आहे. त्याला एकदम वाटलं की पुसून टाकावं. एक बटण. हात अगदी तयार होता. ती सुटेल, आपणही सुटू, प्लेट तर लागणारच आहे. आणि मग त्याला वाटलं की पुसल्यावर वॉकवेच्या शीटवर काय उरेल? काढणारा चुकला आणि तपासणारीला दिसलं नाही, एवढंच उरेल.

‘तिले दिसलं होतं जी,’ तो म्हणाला. ‘तिनं पकडलं होतं. मले समजलं नाई.’

‘मंग तुहं नाव येईन.’

‘हाव. येऊ द्या.’

 शामसुंदरजींनी पंखा पुन्हा लावला. ‘कोनतं घ्याचं मंग?’ त्यांनी विचारलं, आणि प्रेमानंदनं महागडं सांगितलं, ज्यात नाव आणि दिवस दिसतो ते. ते म्हणाले की लेका, तू मले बुडवशीन, आणि विक्रेत्याचा नंबर शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमलेशबरोबर कारखान्यात गेला. हेल्मेट घालून जिना चढताना त्यानं प्रत्येक पायरीला आधी हात लावला. कमलेशनं दोरी बांधली होती, पिवळी, दोन्हीकडून, त्या एका टप्प्यापुरती. मजूर दोरीपर्यंत येत, पाहत, आणि खालून वाकून पलीकडे निघून जात. खाली उतरून वळसा घालायचा तर दूर पडतं. त्यानं एकाला थांबवलं, सांगितलं की इथून जाऊ नका. तो माणूस छत्तीसगढीत म्हणाला की रोज जातो, आणि पायानं जाळी वाजवून दाखवली. जाळीचा आवाज खाली यंत्रांत गेला. प्रेमानंदनं कठडा घट्ट धरला. त्याला जाळीतून खालचं दिसत होतं, आणि ते जिथे दिसत होतं तिथेच होतं, याची त्याला आता शंका नव्हती. कारखान्याच्या मॅनेजरनं शीट पाहिली, ढग पाहिला. हसला नाही. विचारलं की हे कधीचं आहे, आणि प्रेमानंदनं तारीख दाखवली, तिचं नावही दाखवलं. मॅनेजर म्हणाला की महिनाअखेरच्या आत पट्टा बंद करता येणार नाही, वरून परवानगी यावी लागते. तोवर तो एक माणूस उभा करेल. त्यानं उभा केला. प्रेमानंद गेटबाहेर येईपर्यंत तो माणूस चहाला गेलेला होता.

प्लेट कापून झाली आहे. कमलेशच्या वर्कशॉपमध्ये दाराशी ठेवली आहे, तिच्यावर खडूनं नंबर टाकला आहे. सॉफ्टवेअर आलं. पीयूष ते शिकतो आहे आणि आता शीट त्याच्याकडे तपासायला जातात; तो ढग फार मोठे काढतो. प्रेमानंद रोज संध्याकाळी कमलेशला फोन करतो आणि विचारतो की दोरी आहे का. कमलेश म्हणतो, हाये भाऊ. तो कधी पाहून सांगतो आणि कधी न पाहता सांगतो हे आवाजावरून कळतं. दिवसा मधे वेळ मिळाला की प्रेमानंद तिच्या शेवटच्या शीट एकेक उघडतो, ढग धरतो, डावीकडे नेतो, आणि सोडण्याआधी थोडा थांबतो. निम्म्या अजून उघडायच्या आहेत. पट्टा बंद करायची परवानगी आलेली नाही. प्लेट अजून लागलेली नाही.